माशाचं तेल मासा बनवत नाही

माझ्या मावसभावाचं सिन्नर तालुक्यात शेततळं आहे. मुळात द्राक्षबागेच्या ठिबकसाठी खोदलेलं, आत प्लास्टिकचा कागद अंथरलेला. गेली काही वर्षं तो त्यात रोहू-कटला सोडतो. मागच्या महिन्यात त्याचा फोन आला. खाद्य विकणारा एक माणूस येऊन गेला होता आणि एक बाटली दाखवून गेला होता.

"दादा, माशाच्या तेलाऐवजी आता शेवाळाचं तेल निघालंय म्हणे. डीएचए का काय ते असतं त्यात. पिल्लांची मरतूक थांबते म्हणतो. घेऊ का?"

घ्यायचं की नाही, हे मी एका शब्दात सांगू शकलो असतो. पण त्याने पुढे जे विचारलं, त्यासाठी हा सगळा लेख लिहायला बसलो. तो म्हणाला, "पण शेवाळात माशाचं तेल आलं कुठून?"

खरं तर माशात शेवाळाचं तेल आलं कुठून, असं विचारायला हवं. ज्या दोन घटकांसाठी जगभर माशाच्या तेलाला मागणी आहे, ते ईपीए आणि डीएचए हे ओमेगा-३ गटातले मेदघटक मासा स्वतः जवळजवळ बनवतच नाही. समुद्राच्या वरच्या थरात, उन्हात तरंगणारं डोळ्याला न दिसणारं सूक्ष्म शेवाळ ते बनवतं. ते शेवाळ कोपेपॉड नावाचे बारीक जीव खातात, कोपेपॉडना तारलीसारखे छोटे मासे खातात, छोट्यांना मोठे खातात. प्रत्येक पायरीवर हे तेल पुढच्याच्या अंगात साठत जातं. आपण शेवटी मासा उकळून, दाबून त्याचं तेल काढतो आणि त्याला माशाचं तेल म्हणतो. दूध किटलीतून ओतलं म्हणून ते किटलीचं होत नाही, तसंच हे.

थंडीत न गोठणारं तेल

ईपीए, डीएचए म्हणजे काय, हे निफाडच्या थंडीत चांगलं समजतं. डिसेंबरात पारा खाली गेला की खोबरेल तेलाची बाटली उन्हात ठेवावी लागते. जवसाचं तेल मात्र तसंच पातळ राहतं. दोन्ही तेलंच, दोन्ही कार्बनच्या लांब साखळ्यांची बनलेली. खोबरेलाच्या साखळ्या सरळ असतात, रचलेल्या सळयांसारख्या एकमेकींना चिकटून बसतात आणि तेल थिजतं. जवसाच्या तेलातल्या साखळीला मध्ये तीन ठिकाणी बाक असतो, त्यामुळे ती नीट रचली जात नाही. हे बाक म्हणजे रसायनशास्त्रातले दुहेरी बंध. ईपीएची साखळी २० कार्बनची, तिला ५ बाक. डीएचएची २२ कार्बनची, तिला ६.

शरीरातल्या प्रत्येक पेशीला तेलकट पापुद्रा असतो. त्यात डीएचए असेल तर तो पापुद्रा लवचिक राहतो, आणि त्यात बसवलेले बारीक भाग झटपट हलू शकतात. जिथे काम सर्वांत वेगाने चालतं तिथे डीएचए सर्वांत जास्त सापडतं: मेंदूत आणि डोळ्याच्या पडद्यात. माणसाच्याही आणि माशाच्याही. तान्ह्या बाळांच्या दुधाच्या पावडरीच्या डब्यावर डीएचए छापलेलं असतं ते याचसाठी, आणि त्यातलंही बरंचसं आधीपासून शेवाळापासूनच काढलेलं असतं.

मग जवस का नको? आपल्याकडे जवसाची चटणी घराघरात होते, तिच्यात ओमेगा-३ असतं हे आता सगळ्यांना पाठ झालंय. असतं, पण ते १८ कार्बनचं, ३ बाकांचं. त्याची साखळी लांबवून, आणखी तीन बाक घालून डीएचए करायचं काम शरीराला करावं लागतं. माणसाला ते फार थोडं जमतं. रोहू, कटला, तिलापिया अशा गोड्या पाण्यातल्या माशांना बऱ्यापैकी जमतं. खाऱ्या पाण्यातल्या बहुतेक माशांना जवळपास जमत नाही. त्यांच्या ताटात ते पिढ्यान्‌पिढ्या तयारच येत होतं, तेव्हा ते बनवण्याची कला त्यांच्या अंगातून निघून गेली असावी, असं मानलं जातं.

हा फरक लक्षात ठेवा. बाटलीचा निकाल शेवटी त्यावरच लागतो.

दीड मिलिमीटरचा जीव आणि त्याचा पहिला घास

आता खाऱ्या पाण्यातल्या एका पिल्लाकडे पाहू. उदाहरण जिताड्याचं घेतो, कारण पेण-अलिबागकडचा हा मासा आता आपल्याकडचे हौशी मत्स्यपालकही विचारू लागलेत. चेन्नईच्या केंद्रीय निमखारे जलजीवपालन संस्थेने १९९७ मध्ये बंदिस्त टाक्यांत जिताड्याचं प्रजनन करून दाखवलं. तेव्हापासून त्याचं बीज, म्हणजे तळ्यात सोडायची पिल्लं, हॅचरीत (अंडी उबवून पिल्लं वाढवण्याच्या केंद्रात) तयार होऊ लागलं.

जिताड्याचं अंडं एक मिलिमीटरपेक्षाही लहान. एका दिवसाच्या आत ते फुटतं आणि साधारण दीड मिलिमीटरचं पिल्लू बाहेर येतं. त्याला तेव्हा तोंड उघडता येत नाही, जठर असं काही नसतं. पोटाखाली बलकाची पिशवी असते, तिच्यावर ते दोन-तीन दिवस काढतं. तेवढ्यात तोंड उघडतं, डोळे काळे होतात आणि बलक संपतो. तिथून पुढे वेळेत पहिला घास मिळाला नाही, तर ते इतकं अशक्त होतं की नंतर खाणं समोर आलं तरी त्याला ते धरता येत नाही.

घासही कसा, तर पाव मिलिमीटरच्या आतला, हलणारा आणि मऊ. कोरड्या खाद्याची पूड टाकून भागत नाही. एक तर ती हलत नाही, तळाशी बसते आणि सडते. दुसरं म्हणजे या वयात पिल्लाचं जठर तयार झालेलं नसतं, कोरडं खाद्य त्याला नीट पचत नाही.

म्हणून हॅचरीत दोन जिवंत खाद्यं वापरतात. पहिले काही दिवस रोटिफर, ०.१ ते ०.३ मिलिमीटरचा, तोंडाशी केसांचं चक्र फिरवत हळूहळू पोहणारा जीव. मग पिल्लू जरा मोठं झालं की आर्टेमिया, हा कोळंबीच्या जातकुळीतला खाऱ्या पाण्यातला बारीक जीव. याची कोरडी अंडी डब्यात मिळतात, त्यातली कित्येक अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या ग्रेट सॉल्ट लेक या खाऱ्या सरोवरातून येतात. खाऱ्या पाण्यात घातली की दिवसभरात त्यातून नारिंगी रंगाची वळवळणारी पिल्लं निघतात. गोड्या पाण्यातल्या मोठ्या कोळंबीची पिल्लंही सुरुवातीला निमखाऱ्या पाण्यात याच आर्टेमियावर वाढवतात.

मरतुकीची गोष्ट इथे सुरू होते. रोटिफरमध्ये स्वतःचं असं डीएचए फार नसतं. तो जे खाईल ते काही तासांत त्याच्या पोटात आणि अंगात उतरतं. जेवणाच्या डब्यासारखं समजा: डब्यात जे भराल तेच पिल्लाच्या ताटात पडणार. जपानमध्ये सुरुवातीच्या काळात रोटिफर पावाच्या यीस्टवर वाढवायचे. यीस्ट स्वस्त, रोटिफर भराभर वाढायचे. पण ते खाऊन समुद्री माशांची पिल्लं ढिगाने मरू लागली. पोट भरलेलं असायचं आणि तरीही पिल्लं मरायची. पुढे कळलं की यीस्टमध्ये ईपीए-डीएचए नाही, म्हणून रोटिफरमध्ये नाही, म्हणून पिल्लात नाही. रोटिफरना शेवाळ किंवा माशाचं तेल चारल्यावर मरतूक घटली.

मला या सगळ्यात डोळ्याची गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. काचेच्या भांड्यात समुद्री माशाचं पिल्लू पाहिलं तर पारदर्शक शरीरावर दोन काळे टिपके एवढंच दिसतं. शरीराच्या मानाने डोळे प्रचंड. ते नजरेने शिकार करतं: रोटिफर दिसला, शरीर वाकवलं, झेप घेतली. डोळ्याच्या पडद्याला डीएचए कमी पडलं तर नजर अधू होते. हेरिंग माशाच्या पिल्लांवरच्या प्रयोगांत दिसलं होतं की डीएचए कमी मिळालेली पिल्लं मंद उजेडात शिकार करायला कमी पडतात. भोवताली अन्न तरंगतंय आणि पिल्लाला ते दिसत नाही. मालकाला मात्र एवढंच दिसतं की खाद्य शिल्लक आहे आणि पिल्लं कमी झालीत. काही जातींत पिल्लं थवा करून पोहायलाही शिकत नाहीत. चपट्या माशांत अंगावर रंगच नीट भरत नाही, पांढरे चट्टे राहतात. जी जगतात, ती टाकी बदलताना किंवा जाळ्यात धरताना दगावतात, कारण ताण सोसायची ताकद नसते.

डबा कशाने भरायचा

आजवरची रूढ पद्धत अशी: माशाचं तेल, लेसिथिन (तेल आणि पाणी एकत्र धरून ठेवणारा पदार्थ) आणि पाणी मिक्सरमध्ये घुसळून दुधासारखं इमल्शन करायचं आणि रोटिफर किंवा आर्टेमियाच्या टाकीत ओतायचं. ते जीव तेलाचे थेंब गिळतात आणि काही तासांनी पिल्लांना दिले जातात. काम होतं, पण पसारा बराच. पाण्यावर तेलाची साय धरते, टाकीच्या कडा चिकट होतात, जिवाणू वाढतात. शिवाय ज्या तेलाला सहा बाक आहेत ते हवेत लवकर खवटतं. खवट तेल पिल्लाला देणं हे न देण्यापेक्षा वाईट. आणि एका खेपेचं तेल दुसऱ्या खेपेसारखं असेल याची खात्री नसते, कारण मासा कुठे, कोणत्या ऋतूत धरला यावर सगळं ठरतं.

शेवाळ दिलं तर तेल पेशीच्या आत बंद असतं. साय धरत नाही. त्यातलं बरंचसं मूळ पापुद्र्यातच गुंफलेलं, म्हणजे फॉस्फोलिपिडच्या रूपात असतं, आणि कोवळ्या पिल्लांना तेच रूप सुट्या तेलापेक्षा चांगलं वापरता येतं. शिवाय पिल्लांच्या टाकीतच थोडं शेवाळ सोडलं तर पाणी हिरवं होतं, उजेड सगळीकडे सारखा पसरतो, रोटिफर पिल्लाच्या तोंडी जाईपर्यंत खात राहतात. हॅचरीवाले याला हिरव्या पाण्याची पद्धत म्हणतात.

पण कोणतं शेवाळ? नॅनोक्लोरोप्सिस हॅचरीत सर्वाधिक दिसतं. दोन ते चार मायक्रॉनचं, वाढवायला सोपं, ईपीएने भरलेलं. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पण नॅनोक्लोरोप्सिसमध्ये डीएचए नसतं. शिवाय त्याची पेशीभिंत जाड, सहज पचत नाही. आयसोक्रायसिसमध्ये डीएचए चांगलं, भिंत नसल्यासारखीच, पण ते नाजूक. पावलोव्हात ईपीए आणि डीएचए दोन्ही सापडतात. म्हणून शहाणे हॅचरीवाले मिश्रण करतात. बऱ्याच समुद्री माशांच्या अंड्यांत डीएचए हे ईपीएच्या दुपटीच्या आसपास असतं, तेव्हा डब्यातही साधारण तेच प्रमाण साधायचा प्रयत्न असतो.

आर्टेमिया इथे फार त्रास देतो. ताज्या पिल्लाला सुरुवातीचे काही तास तोंडच नसतं, त्यामुळे त्याला लगेच काही चारता येत नाही. नंतर चारलं तर तो डीएचएचा काही भाग मोडून त्याचं ईपीए करून टाकतो. गळकी बादलीच ती. म्हणून आर्टेमियासाठी डीएचए भरपूर असलेलंच काहीतरी लागतं, आणि तिथे शायझोकायट्रियम येतं.

शायझोकायट्रियम काटेकोरपणे पाहिलं तर शेवाळ नाही. त्याला उजेड लागत नाही, ते हिरवंही नसतं. समुद्रातल्या कुजणाऱ्या पानांवर जगणारा हा सूक्ष्मजीव साखर खातो आणि अंगात तेल साठवतो. त्या तेलाचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग डीएचए असू शकतो. व्यापारात मात्र सगळे त्याला शेवाळच म्हणतात, आणि सिन्नरला आलेल्या बाटलीतही बहुधा हेच असणार.

ते वाढवतात कसं हे नाशिककरांना समजावून सांगायला लागू नये. गंगापूर धरणाकडे जाताना ज्या वायनरी लागतात, तिथल्या स्टीलच्या उंच टाक्या आठवा. द्राक्षाच्या रसातली साखर यीस्ट खातं आणि दारू करतं. इथे टाकी तशीच, साखर तशीच, फक्त जीव वेगळा आणि सतत हवा फुंकावी लागते. उघड्या हौदात उन्हावर वाढवलेलं हिरवं शेवाळ लिटरला जेमतेम अर्धा ग्रॅम भरतं, म्हणजे अर्ध्या किलोसाठी हजार लिटर पाणी गाळायचं. टाकीतलं शायझोकायट्रियम लिटरला शंभर ग्रॅमच्या घरात जातं. अमेरिकेत नेब्रास्कातल्या ब्लेअर इथे २०१९ मध्ये माशांच्या खाद्यासाठी असं तेल काढणारा मोठा कारखाना सुरू झाला. तिथे साखर मक्यापासून येते. ब्राझीलमध्ये तर असा कारखाना उसाच्या साखरेवर चालतो. दिंडोरी-निफाडचा ऊस पाहत वाढलेल्या मला ते वाचून कुतूहल वाटलं. त्याच वेळी हेही आठवलं की ऊसही पाण्यावरच येतो आणि पाण्याचा हिशेब इथे कुणी विसरू शकत नाही. टाकीतलं तेल समुद्रावरचा भार कमी करतं, शेतावरचा थोडा वाढवतं.

समुद्रावरचा भार म्हणजे किती

जगात वर्षाला दहा-बारा लाख टनांच्या आसपास माशाचं तेल निघतं आणि त्यातलं बहुतेक मत्स्यपालनातच जातं. कारखान्यात १०० किलो मासा गेला तर तेल साधारण चार-पाच किलो. सर्वांत मोठा पुरवठा पेरू देशाच्या किनाऱ्यावरच्या अँकोव्हीचा. २०२३ मध्ये एल निन्योमुळे तिथलं पाणी तापलं, जाळ्यात पिल्लंच जास्त येऊ लागली आणि सरकारने वर्षाचा पहिला हंगामच रद्द केला. तेलाचे भाव जगभर भडकले. आपल्याकडे तारलीचं तसंच: केरळात २०१२ मध्ये जवळपास चार लाख टन तारली उतरली होती, २०२१ मध्ये ती काही हजार टनांवर आली. म्हणजे तेल वाढवायचं म्हटलं तरी समुद्र वाढवून देत नाही.

तरी एक स्पष्ट सांगतो. हॅचरीत पिल्लांसाठी लागणारं तेल या हिशेबात चिमूटभर आहे. तेलाचा मोठा घास सालमनसारखे मोठे केले जाणारे मासे खातात. तेव्हा पिल्लांना शेवाळ दिल्याने समुद्र वाचेल असं कुणी म्हणालं तर ते फुगवून सांगितलेलं आहे. पिल्लांच्या बाबतीत शेवाळाचं खरं मोल आहे ते दर खेपेला सारखं, ताजं आणि डायॉक्सिनसारख्या समुद्रातल्या विषारी अंशांपासून मोकळं खाद्य मिळण्यात. ते मोल पुरेसं मोठं आहे.

तर मग सिन्नरचं शेततळं

मी भावाला सांगितलं, बाटली घेऊ नकोस.

रोहू-कटला गोड्या पाण्यातले. पेंड, कोंडा आणि तळ्यातले बारीक जीव यांतून जे तेल मिळतं त्यातून ते स्वतःचं डीएचए बऱ्यापैकी बनवतात. मत्स्यजिरे, म्हणजे अंड्यातून नुकतीच निघालेली पिल्लं, तळ्यात पडले की त्यांना रोटिफर आणि पाणपिसवा (पाण्यात उड्या मारत पोहणारे बारीक जीव) लागतात, आणि त्या जिवांना लागतं हिरवं पाणी. शेणखत, चुना, भिजवलेली भुईमुगाची पेंड घालून तळं हिरवं करणारा आपला शेतकरी शेवाळच चारत असतो, त्याला कुणी ते नाव दिलेलं नाही इतकंच.

अडचण आमच्या भागात दुसरीच आहे. शेततळं ठिबकसाठी असतं. हिरव्या पाण्याने फिल्टर आणि ड्रीपर चोंदतात, म्हणून लोक तळ्यात मोरचूद (तांब्याचं निळं क्षार) टाकतात. द्राक्षावर फवारायच्या बोर्डो मिश्रणामुळे ते घरात असतंच. मोरचुदाने शेवाळ मरतं, आणि त्याबरोबर पाणपिसवा मरतात, मेलेलं शेवाळ कुजताना पाण्यातला प्राणवायू संपतो, पिल्लं पहाटे तोंड वर काढतात. भावाने जून महिन्यात हेच केलं होतं आणि जुलैत जिरे मेले तेव्हा बीज खराब निघालं असं त्याला वाटलं. मासे असतील त्या तळ्यात मोरचूद नको. ठिबकचं पाणी वाळूच्या फिल्टरमधून घ्यावं किंवा छोटं वेगळं तळं पिल्लांसाठी ठेवावं.

हिरवं म्हणजे सगळं चांगलं असंही नाही. पाण्यावर रंग सांडल्यासारखी निळसर-हिरवी साय धरली आणि उग्र वास आला तर ते मायक्रोसिस्टिस असू शकतं, त्यात विष असतं. कोपरापर्यंत हात पाण्यात बुडवून तळहात पाहायचा. अंधूक दिसला तर ठीक, मनगटापासूनच दिसेनासा झाला तर खत थांबवायचं. आणि स्पिरुलिना. तिची पावडर ओमेगा-३च्या नावाने माशांसाठी विकतात हे मी स्वतः पाहिलंय. स्पिरुलिनात प्रथिनं उत्तम, रंग उत्तम, पण ईपीए-डीएचए जवळपास नसतं. क्लोरेलातही नसतं. पाकिटावर कुठलं शेवाळ आहे त्याचं नाव आणि शंभर ग्रॅममागे डीएचए किती, हे दोन्ही छापलेलं नसेल तर त्या पैशांची पेंड आणावी.

भाऊ थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आणि मी जिताडा टाकला तर?"

तेव्हा उत्तर बदलतं. बोटभर झालेला जिताडा हळूहळू गोड्या पाण्याला सरावतो, तळ्यात वाढू शकतो. पण आमच्याकडच्या थंडीत तो खाणं सोडतो, तेव्हा दिवाळीनंतर त्याचं काय करायचं हे आधी ठरवावं लागेल. आणि तळ्यात येईपर्यंत त्याचे ते पहिले दोन-तीन आठवडे दूर कुठल्यातरी हॅचरीत होऊन गेलेले असतात. नजर तिथेच पक्की झालेली असते किंवा अधू राहिलेली असते. नंतर कितीही महागडी बाटली ओतली तरी ती उणीव फारशी भरून निघत नाही.

म्हणून बीज घेताना काय विचारायचं ते त्याने फोनवरच लिहून घेतलं: रोटिफरला काय चारलं होतं, आर्टेमियाला काय पाजलं होतं, आणि किती तास.